‘स्कॉलरशिप आहे’ : मास कॉमच्या एका विद्यार्थिनीचं दुसरं वर्ष

पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात मी संपादन आणि मराठी माध्यमलेखन हे दोन विषय तासिका तत्त्वावर शिकवते. इथे मांडलेलं प्रकरण माझ्या वर्गातल्या एका मुलीचं आहे. तिच्या आणि तिच्या वडिलांच्या संमतीने ते लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे ढोबळमानाने दिले आहेत. तिला वैदेही म्हणू.

पार्श्वभूमी

वैदेही सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. शिक्षण मराठी माध्यमातून, बारावी कला शाखेतून, ८१ टक्के. वडिलांचं फ्लेक्स प्रिंटिंग आणि डीटीपीचं दुकान. आठवीत असल्यापासून ती दुकानात बसायची. ‘श्रीलिपी’ या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करणं, ‘कोरल’ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर बसवणं, लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचणं, गावातल्या साप्ताहिकांच्या जाहीर नोटिसा लावणं ही सगळी कामं तिला येत होती. ‘दशक्रिया विधी’ हे शब्द चुकीचे छापून गेले, तर दुसऱ्या दिवशी दुकानासमोर कोण येऊन उभं राहतं, हे तिला माहीत होतं. माध्यमाचं शिक्षण घ्यायला आलेल्या फार थोड्या मुलांकडे ही जाण असते. पण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं तिला तेव्हा वाटत नव्हतं. पहिल्या दिवशी वर्गात ओळख करून देताना तिने वडिलांचा ‘बिझनेस’ आहे एवढंच सांगितलं.

जुलै २०२२ मध्ये तिने बी.ए. जर्नालिझम अँड मास कम्युनिकेशनला प्रवेश घेतला. वार्षिक शुल्क २,८०,०००. गुणवत्तेवर २५ टक्के, म्हणजे ७०,००० रुपयांची सवलत. वसतिगृह आणि मेस मिळून १,४०,०००. पहिल्या वर्षाचे साडेतीन लाख वडिलांनी भरले. त्यातले दोन लाख मोडलेल्या ठेवीचे आणि दीड लाख पतसंस्थेच्या कर्जाचे.

त्यांचा हिशेब साधा होता. पहिलं वर्ष जड जाईल, पुढे महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून शिष्यवृत्ती मिळेल, विद्यापीठाची सवलत चालू राहील आणि नगरपालिकेची निवडणूक लागली की दुकानात पैसा येईल. पुढच्या वर्षभरात या तिन्ही गोष्टी एकेक करून गळून पडल्या.

अडचण कुठून सुरू झाली

आधी महाडीबीटी. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडील सायबर कॅफेत अर्ज भरायला बसले, तर संस्थांच्या यादीत विद्यापीठाचं नावच सापडेना. त्यांनी तीनदा शोधलं, चौथ्यांदा मुलीला फोन केला. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठांना लागू नाही. हे कुणी लपवलेलं नव्हतं, योजनेच्या अटींत ते लिहिलेलं असतं. पण प्रवेश घेताना तो कागद कुणी उघडला नाही.

मग विद्यापीठाची सवलत. दर वर्षी किमान ८ सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) राखला तरच ती पुढे चालू राहणार होती. पहिल्या वर्षाअखेर वैदेहीचा सीजीपीए आला ७.१. जून २०२३ मध्ये पोर्टलवर दुसऱ्या वर्षाचं पूर्ण शुल्क दिसलं. वसतिगृह धरून ४,२०,०००.

आणि निवडणूक. गावच्या नगरपालिकेची मुदत संपून प्रशासक बसला होता. राज्यात सगळीकडे तेच, निवडणुका पुढे पुढे चाललेल्या. फ्लेक्सवाल्याला नगरपालिकेची निवडणूक म्हणजे शेतकऱ्याला सुगी. ती येत नव्हती.

जुलै २०२३ मध्ये वडील विद्यापीठात आले. सवलतीबद्दल बोलायला मीही प्रशासनाकडे गेले होते, तिथे आमची भेट झाली. शर्टाच्या खिशातून त्यांनी घडी घातलेलं माहितीपत्रक काढलं. आठ सीजीपीएची अट त्यात होती, इंग्रजीत, एकाच वाक्यात. खाली त्यांचीच सही.

ते म्हणाले, “मॅडम, काउंटरवरचा पोरगा ‘स्कॉलरशिप आहे’ म्हणाला. आम्ही ‘आहे’ तेवढंच ऐकलं.”

सीजीपीए का घसरला

या भागावर थोडं थांबते, कारण पैशाची अडचण इथूनच आली होती.

पहिल्या वर्षात संज्ञापनाचे, म्हणजे कम्युनिकेशनचे, सिद्धांत शिकवले जातात. लॅसवेलचं १९४८ चं सूत्र, शॅनन आणि वीव्हरचं प्रारूप, दारपालाची (गेटकीपर, म्हणजे कोणती बातमी पुढे जाऊ द्यायची हे ठरवणारा) संकल्पना, विषयपत्रिका ठरवण्याचा सिद्धांत. वैदेहीने हे सगळं इंग्रजीतून घोकलं आणि पेपरात जसंच्या तसं उतरवलं. प्रश्न थोडा फिरवून आला की ती अडकायची. फोटोग्राफी, मांडणी आणि ऑडिओ या प्रात्यक्षिकांत तिचे गुण वर्गात वरच्या पाचांत होते. सिद्धांत, माध्यमांचा इतिहास आणि इंग्रजी लेखन या तीन पेपरांनी तिला खाली ओढलं.

त्या भेटीनंतर आम्ही कँटीनमध्ये बसलो. मी तिला विचारलं, ‘दारपाल’ म्हणजे काय, ते दुकानातलं उदाहरण देऊन सांग. तिने क्षणभर विचार केला आणि सांगायला लागली. परवानगी क्रमांक नसलेला फ्लेक्स पप्पा छापत नाहीत. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली, हे गिऱ्हाईक ठरवतं. पण मजकुरात दुसऱ्या गटाला टोमणा असेल तर पप्पा म्हणतात, फाइल करप्ट झाली, नवीन मजकूर आणा. साप्ताहिकाच्या संपादकाच्या अगोदर बातमी पप्पांच्या टेबलावर येते, आणि काय छापायचं नाही हे कितीदा तरी तिथेच ठरतं.

दारपालाच्या संकल्पनेवर गेल्या दहा वर्षांत मी वाचलेल्या उत्तरांपैकी हे सर्वांत चांगलं होतं, आणि ते तिने मराठीत दिलं. त्याच विषयावरच्या तिच्या पहिल्या सेमिस्टरच्या स्वाध्यायाला मी दहापैकी पाच दिले होते आणि शेरा मारला होता : ‘भाषा सुधारा’.

समोरचे पर्याय

शुल्क भरायला तीन आठवडे होते. पर्याय आम्ही कागदावर मांडले. बापलेक एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

पहिला पर्याय, एका वर्षावर थांबायचं. विद्यापीठाने त्या तुकडीपासून नवी रचना लावली होती. एका वर्षाला ४० क्रेडिट (श्रेयांक) आणि प्रमाणपत्र, दोन वर्षांना ८० आणि पदविका, तीन वर्षांना १२० आणि पदवी. पण पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायचं तर उन्हाळ्यात चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रमही करावा लागतो. उन्हाळा तर उलटून गेला होता. शिवाय एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर कोण काम देणार? हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

दुसरा, सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात जायचं. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला. मुंबई विद्यापीठात हा अभ्यासक्रम बरीच वर्षं बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) म्हणून चालला, २०१९ नंतर तो बीएएमएमसी (बी.ए. मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन) झाला. इतरत्रही पत्रकारिता आणि माध्यमांच्या पदव्या आहेत, आणि त्यांचं शुल्क खाजगी विद्यापीठाच्या जवळपासही जात नाही. वैदेहीने पाच महाविद्यालयांना फोन केले. दोघांनी सरळ सांगितलं, पहिल्या वर्षापासून बसा. एकाने सांगितलं, अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत आणि गुणपत्रिका आणा, समकक्षता विद्यापीठाचा पात्रता विभाग ठरवेल. उरलेल्या दोघांकडे जागा नव्हत्या. मिळवलेली क्रेडिट खात्यात साठवून दुसऱ्या संस्थेत नेता येतील, अशा क्रेडिट बँकेचा खूप गाजावाजा झाला आहे. पण विद्यार्थ्याचा आयडी तयार झाला म्हणजे क्रेडिट हलली असं नसतं. आधीच्या संस्थेने ती चढवावी लागतात आणि नव्या संस्थेने ती मानावी लागतात. वैदेहीचा आयडी होता, खातं मात्र रिकामं होतं.

तरी आकडे याच पर्यायाच्या बाजूने होते. पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात केली आणि तीन वर्षं शहरात खोली घेऊन राहिली, तरी आमच्या अंदाजाने साडेतीन लाखांत पदवी होत होती. इथे उरलेल्या दोनच वर्षांना आठ लाख चाळीस हजार लागणार होते. माझं मत बदलीच्या बाजूने होतं आणि मी ते स्पष्ट सांगितलं.

तिसरा, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करायची आणि दिवसा दुकान सांभाळायचं. वडिलांनी हा पर्याय फार हळू आवाजात सांगितला. वैदेहीने नजर खाली घातली. पुढे त्यावर कुणी बोललं नाही.

चौथा, इथेच राहायचं, शैक्षणिक कर्ज काढायचं आणि राहण्याचा खर्च निम्म्यावर आणायचा.

निर्णय वैदेहीचा होता. दोन दिवसांनी ती म्हणाली, “मॅडम, तिथं गेले तरी इंग्रजीची भीती माझ्याबरोबर येणारच. इथं निदान मला कुठं अडतं ते तुम्हाला कळलंय. आणि ऑडिओचा स्टुडिओ मला दुसरीकडं मिळणार नाही.”

वर्ष वाया जाण्याची भीतीही तिच्या मनात असणार. ती तिने बोलून दाखवली नाही, मीही खोदून विचारलं नाही. विचारायला हवं होतं. एक वर्ष जास्त लावून पाच लाख वाचत असतील, तर ते वर्ष ‘वाया’ जातं का, हे मोकळेपणाने बोलायला हवं होतं. आपल्याकडे वर्ष वाचवण्यासाठी माणसं कर्ज काढतात आणि त्या कर्जाची किंमत वर्षांत मोजत नाहीत.

काय काय केलं

पैशाच्या बाजूने चार गोष्टी झाल्या.

सवलतीबाबत फेरविचाराचा अर्ज केला, तो नाकारला गेला. अट स्पष्ट होती, सही होती, त्यामुळे विद्यापीठाचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. त्याच अर्जात शुल्काचे हप्ते मागितले होते, ते मात्र मंजूर झाले. तीन हप्ते, विलंब शुल्क नाही. ही सोय नियमात आधीपासूनच होती, पण लेखी मागणाऱ्यालाच मिळत होती.

गावातल्या राष्ट्रीयीकृत बँकेकडून तीन लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं, दोन वर्षांसाठी दीड-दीड लाख. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, वडील सहकर्जदार झाले. दुसऱ्या वर्षापासून कर्ज मिळत नाही असा त्यांचा समज होता. तो चुकीचा निघाला. उरलेल्या वर्षांसाठीही कर्ज मिळतं. हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होणार होते. पण व्याज दरमहा भरत गेलं तर दरात सवलत मिळते, असं व्यवस्थापकांनी सांगितलं. सुरुवातीला ते महिन्याला तेराशेच्या आसपास होतं. वडिलांनी ते एकदाही चुकवलं नाही.

वसतिगृह सोडलं. धायरीला आत्या राहते, पण वन रूम किचन आणि आतेभाऊ बारावीला, म्हणून तो विषय तिथेच संपला. शेवटी कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरती, जागा मिळाली, महिना साडेतीन हजार. डबा तीन हजारांचा. अकरा महिन्यांचे साधारण ७१,५००. वसतिगृहाच्या तुलनेत वर्षाला ६८,५०० वाचले. बुडालेली सवलत जवळपास इथेच भरून निघाली. त्याची किंमत तिने वेळात मोजली. बसने जायला सव्वा तास, यायला सव्वा तास.

आणि काम. एका प्रकाशकाला श्रीलिपीतली जुनी पुस्तकं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा फोनवर वाचता येतील अशा अक्षरांत, हवी होती. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार कुठे ना कुठे बिघडतातच, आणि मग डोळ्यांनी वाचत जावं लागतं. हे काम वैदेहीला लहानपणापासून येत होतं. महिन्याला चार हजार, कधी पाच हजार मिळायला लागले.

अभ्यासाच्या बाजूने काय करायचं हे आम्ही चाचपडतच ठरवलं. त्या दिवशीचं व्याख्यान रात्री मराठीत लिहून काढायचं, आपल्या गावातलं उदाहरण घालून. मग तेच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. मराठीत लिहिता आलं नाही तर समजायचं की विषयच कळलेला नाही, भाषेचा दोष नाही. सकाळी वर्गात विचारायचं ते नेमकं तेवढंच. वर्गातली आणखी तीन मुलं तिच्याबरोबर हे करायला लागली. त्यांतला एक नंदुरबारचा, घरी अहिराणी बोलणारा.

यात एक प्रयत्न फसला. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलं होतं. त्याचा दाखला देऊन वैदेहीने अर्ज केला. परीक्षा विभागाने नकार दिला, कारण मराठी उत्तरं तपासायला पुरेसे परीक्षक नव्हते. त्या चार जणांनी मिळून अर्ज केला असता आणि तो सेमिस्टरच्या सुरुवातीला केला असता, तर परीक्षकांची नावं मीच सुचवू शकले असते. आम्ही एकटीचा अर्ज ऑक्टोबरमध्ये केला. विभागप्रमुखांनी एक वाट मोकळी ठेवली. तिसऱ्या वर्षाच्या शोधप्रकल्पातल्या मुलाखती मराठीत, भाषांतर न करता जोडता येतील असं त्यांनी मान्य केलं.

पुढे काय झालं

तिसऱ्या सेमिस्टरला ७.४, चौथ्याला ७.८. सवलत परत मिळाली नाही, तिला आठच लागत होते. शेवटच्या वर्षात आठ ओलांडले, पण तेव्हा त्याचा शुल्काशी संबंध उरला नव्हता.

शोधप्रकल्पासाठी तिने विषय निवडला तो आपल्या तालुक्यातली साप्ताहिकं कशावर चालतात हा. सात साप्ताहिकं, सात मालक-संपादक. बहुतेकांच्या उत्पन्नाचा कणा म्हणजे जाहीर नोटिसा. जमीन खरेदीच्या, वारस नोंदीच्या, नावबदलाच्या. त्याच्या थोडं आधी, १ मार्च २०२४ पासून, १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आणि सगळं ऑनलाइन गेलं. सत्तरी ओलांडलेल्या एका संपादकांना पोर्टलवर लॉगिन करता येईना. वैदेहीने त्यांना ते करून दिलं आणि मग तीन तास मुलाखत घेतली. त्यांनी तिला १९८० च्या दशकातल्या छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या दाखवल्या. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न मराठीत विचारला. ती चाळीस मिनिटं बोलत होती.

सहाव्या सेमिस्टरची इंटर्नशिप पुण्यातल्या एका जाहिरात संस्थेत झाली, मानधन आठ हजार. जुलै २०२५ पासून तिथेच मराठी कॉपीरायटर म्हणून महिना बावीस हजारांवर काम करते. कामाचं स्वरूप जसं आहे तसं सांगते. ओळ हिंदीत किंवा इंग्रजीत ठरलेली असते, ती मराठीत आणायची. मुळातून मराठीत विचार करायची संधी महिन्यातून एकदा-दोनदा मिळते. ती यावर नाराज असते आणि भांडतेही. तीन लाखांवर सात वर्षांसाठी साधारण पाच हजारांचा हप्ता पुढच्या वर्षी सुरू होईल. पतसंस्थेचं कर्ज वडिलांनी फेडलं आहे.

पुढे पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये एम.ए. करायचं की अमरावतीच्या भारतीय जनसंचार संस्थेत मराठी पत्रकारिता, की नोकरीच चालू ठेवायची, हे तिचं ठरलेलं नाही.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी जागा प्रवेशाच्या वेळची नव्हती. ती ऑक्टोबर २०२२ मधली होती, वडील सायबर कॅफेत यादी शोधत होते तो दिवस. त्या शैक्षणिक वर्षासाठी अनुदान आयोगाने प्रवेश रद्द करणाऱ्यांना ३१ ऑक्टोबरपर्यंत संपूर्ण शुल्क, आणि ३१ डिसेंबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी सगळं शुल्क परत द्यायला सांगितलं होतं. म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती मिळणार नाही हे कळलं तेव्हा दोन लाखांवर रक्कम परत घेऊन बाहेर पडायची वाट उघडी होती. हे वडिलांना माहीत नव्हतं, वैदेहीला माहीत नव्हतं, आणि मलाही माहीत नव्हतं. त्या वर्षानंतर नियम काय आहे हे दर वर्षी पाहावं लागतं. आयोगाच्या २०१८ च्या मूळ धोरणात प्रवेशाच्या अधिकृत शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच परत मिळत नाही. ती बाहेर पडली असती का? कदाचित नाही. तिला नुकतंच कॅम्पस आवडायला लागलं होतं. पण मग राहायचं हे तिने ठरवलेलं असतं. प्रत्यक्षात तारीख नुसतीच निघून गेली.

दुसरी जागा सवलतीची. सत्तर हजारांची सवलत ‘मिळाली’ म्हणून घरात पेढे वाटले गेले. ‘सवलत गेली तर दुसऱ्या वर्षी किती भरायचे?’ एवढं एकच विचारलं असतं तर चार लाख वीस हजारांचा आकडा पहिल्याच दिवशी समोर आला असता. आता माझ्याकडे पालक येतात तेव्हा मी त्यांच्याबरोबर माहितीपत्रकातली अटींची पानं मोठ्याने वाचते, मराठीत सांगत सांगत. वीस मिनिटं लागतात. दोन पालकांनी या वर्षी तिथल्या तिथे प्रवेशाचा विचार बदलला, तिघांनी कर्ज पहिल्या वर्षापासूनच घेतलं. पतसंस्थेपेक्षा ते स्वस्त पडलं.

बदलीबद्दलचं माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. वैदेहीचं बरं झालं म्हणून तिचा निर्णय दुसऱ्या कुणाला लागू पडेल असं मी म्हणणार नाही. तिच्या हाताला श्रीलिपी होती, वडिलांचं दुकान कसंबसं चालू राहिलं, आणि दोन वर्षांत कुणी आजारी पडलं नाही. यातली एक गोष्ट जरी बिघडली असती तरी साडेतीन लाखांचा पर्यायच शहाणपणाचा ठरला असता.

आणि माझी स्वतःची जागा. तो पाच गुणांचा स्वाध्याय मी पुन्हा काढून वाचला. तिसऱ्या परिच्छेदात, मोडक्या इंग्रजीत, दुकानाचा उल्लेख होता. माझी लाल रेघ त्याच्यावरूनच गेली होती. तेव्हाच बोलावून विचारलं असतं तर ७.१ वर थांबली नसती, असं मला वाटतं. आता पहिल्या सेमिस्टरचा पहिला स्वाध्याय मी ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत घेते. इंग्रजी दुसऱ्यापासून. यंदा चाळीस कागदांपैकी अकरा मराठीत आले, दोन हिंदीत, आणि एकाने वरती पेन्सिलीने लिहिलं होतं, अहिराणी चालेल का?